दगड कुणाचा, दर्या कुणाचा

फिलिपिन्सच्या पलावान बेटापासून सुमारे १९५ किलोमीटरवर, भर समुद्रात एक गंजकं जहाज प्रवाळावर रुतून बसलं आहे. त्याचं नाव 'सिएरा माद्रे'. १९४४ साली अमेरिकेने रणगाडे किनाऱ्यावर उतरवण्यासाठी ते बांधलं. दुसरं महायुद्ध त्याने पाहिलं, पुढे व्हिएतनामच्या युद्धात ते राबलं, १९७० मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या आरमाराला मिळालं आणि १९७५ मध्ये सायगाव पडलं तेव्हा पळून फिलिपिन्सला आलं. १९९९ मध्ये फिलिपिन्सच्या नौदलाने ते मुद्दाम या उथळ जागी नेऊन चढवलं आणि तिथेच ठेवलं. तेव्हापासून मूठभर नौसैनिक पाळीपाळीने त्याच्यावर राहतात. पत्रे सडले आहेत, डेकला भगदाडं पडली आहेत, प्यायचं पाणी आणि तांदूळ पलावानहून होडीने येतो. ती होडी पोचू नये म्हणून चिनी तटरक्षक दलाची जहाजं वारंवार आडवी आली, त्यांनी पाण्याचे जबर फवारे मारले. १७ जून २०२४ रोजी झालेल्या झटापटीत फिलिपिन्सच्या एका नौसैनिकाचा अंगठा तुटला.

हे जहाज आजही नौदलाच्या पटावर आहे, आणि त्यातच सगळी मेख आहे. भंगार म्हणून ते ओढून न्यायला कुणी गेलं, तर तो युद्धनौकेवरचा हल्ला ठरेल. फिलिपिन्स आणि अमेरिका यांच्यात १९५१ चा संरक्षण करार आहे, त्यामुळे गोष्ट तिथे थांबणारी नाही. ज्या जागेसाठी हे सारं चाललं आहे, ती भरतीच्या वेळी पाण्याखाली असते. इंग्रजी नकाशांत ती 'सेकंड थॉमस शोल', फिलिपिनी लोकांची 'आयुंगिन' आणि चीनची 'रेनआय'. या भागात जवळपास प्रत्येक खडकाला अशी तीन-चार नावं आहेत.

पाण्यातल्या खडकासाठी माणसं इतकी हटून का बसतात, हे समजायचं तर समुद्राचा कायदा कसा चालतो ते आधी पाहावं लागतं. त्याचं मूळ तत्त्व एका ओळीचं आहे. हक्क जमिनीचा, समुद्र तिच्या मागून येतो. ज्याची जमीन, त्याचं तिच्या भोवतालचं पाणी. जुन्या काळी हे पाणी फार नसायचं. किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा पोचेल तिथवर, म्हणजे साधारण तीन मैल. पुढचा समुद्र सगळ्यांना मोकळा. १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीतली संपत्ती आपली असल्याचं जाहीर केलं आणि ही शिस्त मोडली. दोनच वर्षांत चिली आणि पेरूने थेट दोनशे मैलांवर हक्क सांगितला. मग सगळेच पुढे सरसावले. बरीच वर्षं वाटाघाटी होऊन १९८२ मध्ये जमैकातल्या माँटेगो बे इथे संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार झाला आणि १९९४ मध्ये तो लागू झाला.

त्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी देशाच्या पूर्ण मालकीचं. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात परकी जहाजांना जायला-यायला मोकळीक असते, पण तिथली मासळी, तेल आणि वायू यांच्यावर त्या देशाचा एकट्याचा हक्क. याला विशेष आर्थिक क्षेत्र म्हणतात. आता हा नियम मुख्य भूमीला लागतो तसाच बेटालाही लागतो, आणि गोम इथेच आहे. भर समुद्रात एकटंच ठिपक्याएवढं बेट असलं आणि त्याला पूर्ण हक्क मिळाले, तर त्याच्या भोवतीचं दोनशे मैलांचं वर्तुळ सुमारे ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटरचं होतं. अख्खा महाराष्ट्र त्याच्यापुढे लहान पडतो. आपलं राज्य ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरचं आहे. तेच बेट कायद्याने नुसता 'खडक' ठरलं, तर त्याला फक्त बारा मैल मिळतात, म्हणजे साधारण दीड हजार चौरस किलोमीटर. आणि भरतीला बुडणारा उंचवटा असेल तर स्वतःचं असं काहीच नाही.

दर्जा असा एकेक पायरीने उतरतो, आणि बेटाचा खडक झाला की लाखो चौरस किलोमीटर इकडचे तिकडे होतात. कराराच्या १२१व्या कलमात बेटाची व्याख्या आहे. नैसर्गिकरीत्या तयार झालेली, चारी बाजूंनी पाणी असलेली आणि भरतीलाही वर राहणारी जमीन म्हणजे बेट. पण त्याच कलमाचा तिसरा परिच्छेद असा, की ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन टिकू शकत नाही, त्याला दोनशे मैलांचं क्षेत्र मिळणार नाही. ब्रिटनने १९९७ मध्ये या करारात सामील होताना अटलांटिकमधल्या रॉकॉल या एकाकी सुळक्यावरून सांगितलेला मासेमारीचा दोनशे मैलांचा हक्क सोडून दिला. जपानने मात्र प्रशांत महासागरातल्या ओकिनोतोरी इथल्या दोन चिमुकल्या खडकांभोवती काँक्रीटचे बांध घालून ते झिजण्यापासून वाचवले, आणि आजही त्यांच्या जोरावर दोनशे मैल मागतो. चीन आणि दक्षिण कोरिया म्हणतात, हा दगड आहे, बेट नाही. दक्षिण चिनी समुद्रात मात्र चीनचा सूर नेमका उलटा लागतो.

दक्षिण चिनी समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटरचा. चीन, तैवान, व्हिएतनाम, फिलिपिन्स, मलेशिया आणि ब्रुनेई हे सहा जण तिथे दावेदार आहेत. वाद मुख्यतः दोन बेटसमूहांचा, उत्तरेकडच्या पॅरासेलचा आणि दक्षिणेकडे विखुरलेल्या स्प्रॅटलीचा, आणि शिवाय लुझोनच्या पश्चिमेला एकट्या पडलेल्या स्कारबरो शोलचा. हे पाणी आपल्यालाही अगदीच परकं नाही. ओएनजीसी विदेशने व्हिएतनामकडून तेलाच्या शोधासाठी घेतलेला १२८ क्रमांकाचा गट चीनच्या दाव्याच्या रेषेत येतो, आणि २०१२ मध्ये चिनी कंपनीने त्याच भागातले गट जगापुढे निविदेला मांडले होते.

हा गुंता शतकांचा असल्याचं काही दावेदार सांगतात. मला मात्र त्याची खरी गाठ १९५१ मध्ये पडलेली दिसते. त्याआधी १९३३ मध्ये इंडोचायनावर राज्य करणाऱ्या फ्रान्सने स्प्रॅटलीतल्या काही बेटांवर झेंडा लावला होता, १९३९ मध्ये जपानने ती घेतली. जपान हरल्यावर ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करारावर सह्या झाल्या. त्यात जपानने स्प्रॅटली आणि पॅरासेलवरचा आपला सगळा हक्क सोडला. पण कुणाच्या पदरात सोडला, हे करारात लिहिलंच नाही. चीनचं कोणतं सरकार खरं, बीजिंगचं की तैपेचं, यावर एकमत नसल्याने परिषदेला दोघांनाही बोलावलं नव्हतं. ही बेटं बीजिंगला द्यावीत अशी दुरुस्ती सोव्हिएत संघाने सुचवली, ती फेटाळली गेली. व्हिएतनामच्या पंतप्रधानांनी भर परिषदेत दोन्ही बेटसमूहांवर हक्क सांगितला, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. (भारत या परिषदेला गेलाच नव्हता. आपण १९५२ मध्ये जपानशी वेगळा करार केला.) मालक निघून गेला आणि वारस ठरवायचे राहून गेले. मुत्सद्द्यांनी तेव्हा टाळलेलं एक वाक्य पुढच्या पिढ्यांना किती महाग पडलं!

मग ज्याला जमेल तसं त्याने केलं. जानेवारी १९७४ मध्ये चीनने लढाई करून दक्षिण व्हिएतनामकडून पॅरासेलचा उरलेला भाग घेतला. फिलिपिन्सने १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने स्प्रॅटलीचा मोठा भाग आपल्या हद्दीत दाखवला. १४ मार्च १९८८ रोजी जॉन्सन साउथ रीफवर चिनी आरमाराच्या गोळीबारात व्हिएतनामचे ६४ सैनिक मेले, त्यातले कित्येक गुडघाभर पाण्यात झेंडा धरून उभे होते. १९९५ मध्ये फिलिपिन्सला मिसचीफ रीफवर खांबांवर उभ्या केलेल्या चिनी झोपड्या दिसल्या. मच्छीमारांच्या निवाऱ्यासाठी आहेत, असं बीजिंगने सांगितलं. आज तिथे तीन किलोमीटरच्या आसपास लांबीची धावपट्टी आहे.

बेट कुणाचं हे न्यायालयाला ठरवायचं असेल तर ते काय बघतं? या निकालांचे तपशील फार वाचनीय असतात. पायाचा निकाल १९२८ चा, पाल्मास बेटाचा. स्वित्झर्लंडचे मॅक्स ह्युबर लवाद होते. स्पेनने हे बेट प्रथम पाहिलं, स्पेनकडून फिलिपिन्ससकट ते आमच्याकडे आलं, असं अमेरिकेचं म्हणणं. ह्युबर यांनी ते मानलं नाही. नुसतं पाहिल्याने मालकी पुरी होत नाही, तिथे सातत्याने आणि उघडपणे कारभार चालवावा लागतो, असं त्यांनी ठरवलं. कारभार डच लोकांचा होता, बेट त्यांना मिळालं, आज ते इंडोनेशियाचं मियांगास आहे. सिपादान आणि लिगितान या दोन बेटांवरून इंडोनेशिया आणि मलेशिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, तेव्हा २००२ मध्ये मलेशिया जिंकला तो मुख्यतः कासवांच्या अंड्यांमुळे. अंडी कुणी गोळा करायची याचे नियम आणि त्यावरचे तंटे उत्तर बोर्नियोच्या ब्रिटिश प्रशासनाने कित्येक दशकं हाताळले होते, पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं होतं, दीपगृहं बांधली होती. मोठमोठ्या सुलतानांचे जुने करारनामे बाजूला पडले आणि अंड्यांची कागदपत्रं कामी आली.

सिंगापूरजवळच्या पेद्रा ब्रांका खडकाचं प्रकरण तर एका पत्रावर फिरलं. या खडकावर १८५१ पासून हॉर्सबर्ग दीपगृह आहे. १९५३ मध्ये सिंगापूरच्या वसाहत सरकारने जोहोरच्या सरकारला विचारलं, हा खडक नेमका कुणाचा? जोहोरच्या प्रभारी सचिवांनी उत्तर पाठवलं की त्याच्या मालकीवर जोहोर दावा सांगत नाही. कचेरीतलं रोजचं काम म्हणून लिहिलेलं चार ओळींचं उत्तर. २००८ मध्ये न्यायालयाने पेद्रा ब्रांका सिंगापूरला दिलं, त्यात या पत्राचं वजन मोठं होतं. मलेशियाने निकाल मानला.

पण सिंगापूर आणि मलेशिया, इंडोनेशिया आणि मलेशिया हे सगळे आपणहून न्यायालयात गेले होते. बेटाच्या मालकीचा दावा आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालवायचा तर दोन्ही पक्षांची संमती लागते. चीन ती देत नाही. म्हणूनच २०१२ मध्ये स्कारबरो शोलवर जे घडलं, त्यानंतर फिलिपिन्सने मोठ्या हुशारीने वेगळी वाट काढली.

स्कारबरो म्हणजे त्रिकोणी आकाराचं प्रवाळाचं कडं, आत मोठं खाजण, आणि भरतीला जेमतेम डोकं वर काढणारे मोजके खडक. लुझोनपासून सुमारे २२० किलोमीटर. वादळात आत शिरलं की होड्यांना आसरा मिळतो, मासळी मुबलक. झांबालेस प्रांतातल्या मासिनलोकचे कोळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात, चीनच्या हाइनान बेटावरचे मच्छीमारही येतात. एप्रिल २०१२ मध्ये फिलिपिन्सच्या नौदलाला तिथे चिनी बोटी आढळल्या. बोटींत महाकाय शिंपले, प्रवाळ आणि जिवंत शार्क होते. अटक करायच्या आतच चिनी सरकारी जहाजं मध्ये येऊन उभी राहिली. दोन महिने कुणीच हलेना. तिकडे चिनी बंदरांत फिलिपिन्सची केळी तपासणीच्या नावाखाली अडवली गेली आणि कुजली. जूनमध्ये फिलिपिन्सची जहाजं परतली, चीनची राहिली, आणि ती आजतागायत आहेत.

२२ जानेवारी २०१३ रोजी फिलिपिन्सने सागरी कराराखाली लवाद मागितला. बेट कुणाचं हा प्रश्न त्यात विचारलाच नव्हता. विचारलं ते असं: मालक कुणीही असो, या खडकांना समुद्र किती मिळतो? आणि चीनने नकाशावर काढलेल्या रेषेला कायद्यात काही आधार आहे का? ही रेषा मुळात १९४७ ची, नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने अकरा तुकड्यांत आखलेली. पुढे कम्युनिस्ट सरकारने टोंकिनच्या आखातातले दोन तुकडे पुसले आणि नऊ उरले. २००९ मध्ये चीनने हा नकाशा संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या पत्राला जोडला. अक्षांश-रेखांश काहीच दिलेले नाहीत, आणि रेषेच्या आतलं नेमकं काय मागतो, जमीन, पाणी की तळ, हेही सांगितलेलं नाही. रेषेचं दक्षिण टोक मलेशियाच्या सारवाक किनाऱ्याजवळ जेम्स शोलपर्यंत जातं. चीनची शालेय पुस्तकं त्याला देशाचं दक्षिण टोक म्हणतात. ते समुद्रसपाटीखाली सुमारे वीस-बावीस मीटर आहे.

चीनने लवादापुढे यायला नकार दिला. तरी पाच जणांच्या मंडळाने काम चालवलं. घानाचे थॉमस मेन्सा अध्यक्ष होते, बाकीचे फ्रान्स, पोलंड, नेदरलँड्स आणि जर्मनीचे. १२ जुलै २०१६ रोजी पाचांनीही एकमताने निकाल दिला. नऊ तुकड्यांच्या रेषेच्या आत मासळी-तेलावर ऐतिहासिक हक्क सांगण्याला कायद्याचा आधार नाही. मिसचीफ रीफ आणि सेकंड थॉमस शोल हे भरतीला बुडणारे उंचवटे आहेत आणि फिलिपिन्सच्या विशेष आर्थिक क्षेत्रात येतात. स्कारबरो हा खडक आहे. एवढ्यावर थांबले असते तरी पुरेसं होतं, पण त्यांना सर्वांत अवघड प्रश्नाला भिडावं लागलं, तो म्हणजे इतु अबाचा.

इतु अबा, ज्याला तैवान ताइपिंग म्हणतो, स्प्रॅटलीतलं सर्वांत मोठं नैसर्गिक बेट. लांबी सुमारे १,४०० मीटर, रुंदी साधारण ३७० मीटर. १९५६ पासून सलग तैवानच्या ताब्यात. तिथे विहिरी आहेत, झाडं आहेत, दवाखाना आहे, धावपट्टी आहे, भाज्या लावल्या आहेत, कोंबड्या-बकऱ्या पाळल्या आहेत. जानेवारी २०१६ मध्ये तैवानचे राष्ट्राध्यक्ष मा यिंग-ज्यू स्वतः तिथे गेले आणि हे पूर्ण दर्जाचं बेट असल्याचं जगाला दाखवायचा त्यांनी प्रयत्न केला. इतु अबा खरोखर बेट ठरलं असतं, तर त्याचं दोनशे मैलांचं वर्तुळ पार पलावानच्या जवळ पोचलं असतं आणि फिलिपिन्सचा बराचसा दावा तिथेच ढासळला असता. सगळं प्रकरण अर्धा चौरस किलोमीटरही नसलेल्या त्या जमिनीवर तोलून होतं.

मंडळाने काय केलं? आजची विहीर आणि आजचा दवाखाना निर्णायक मानला नाही. सैनिकांच्या तुकडीला बाहेरून रसद येते, तिच्या जिवावर कुठलाही दगड वसवता येतो. त्यांनी मागे जाऊन विचारलं, कुणी पाठवलेलं नसताना इथे माणसं आपली आपण कधी राहिली होती का? जुन्या आरमारी सर्वेक्षणांच्या नोंदी, फ्रेंच दप्तर, जपानी खाणीचे कागद उघडले गेले. हाइनानचे मच्छीमार येत होते, नारळ-केळी लावत होते, गोड पाणी भरून घेत होते, कासवं आणि समुद्रकाकड्या जमवत होते. पण ते हंगामापुरते यायचे आणि घरी परत जायचे. त्यांचं कुटुंब तिथे नव्हतं. १९२०-३०च्या काळात जपानी कंपन्यांनी पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेलं खत खणून नेलं, त्यासाठी मजूर तिथे राहत होते, पण ते खत आणि त्याचा पैसा बाहेरच गेला. मंडळाने निष्कर्ष काढला की स्थिर मानवी समाज इथे कधी रुजला नाही. इतु अबा कायद्याने खडकच. आणि इतु अबा खडक, तर स्प्रॅटलीत बेट एकही नाही.

यावर तैवान संतापला, ते समजण्यासारखं आहे. या निकालाच्या विरोधात विद्वानांनीही पुष्कळ लिहिलं आहे. व्याख्या फार कडक लावली, अशाने जगातली कित्येक बेटं खडक ठरतील, हा त्यांचा आक्षेप पोकळ नाही. तरीही मंडळाने जे कारण दिलं ते मला मोलाचं वाटतं. दोनशे मैलांचं क्षेत्र मुळात का निर्माण झालं? किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांचं पोट त्या समुद्रावर आहे, ते दूरच्या बलाढ्य ताफ्यांनी ओरबाडून नेऊ नये म्हणून. जिथे लोकच नाहीत, तिथे लोकांसाठी दिलेला हक्क कशाला? समुद्र माणसांसाठी राखून ठेवला आहे, झेंड्यांसाठी नाही, हे या निकालात पहिल्यांदा इतक्या स्वच्छपणे आलं.

तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. २०१३च्या अखेरीपासून दोनेक वर्षांत चीनने तळ खरवडणाऱ्या जहाजांनी वाळू आणि प्रवाळ उपसून स्प्रॅटलीतल्या सात ठिकाणी सुमारे १,३०० हेक्टर नवी जमीन तयार केली. धावपट्ट्या, रडार, बंदरं झाली. कायद्याच्या दृष्टीने अशा भरावाला समुद्र मिळत नाही, फार तर पाचशे मीटरचा सुरक्षा-पट्टा. व्यवहारात मात्र धावपट्टीला समुद्र मिळतोच, कारण तिथून रोज जहाजं निघतात. अलीकडे व्हिएतनामनेही आपल्या ताब्यातल्या खडकांवर मोठा भराव घातला आहे. प्रवाळाला भरावावरचा झेंडा कुणाचा याने फरक पडत नाही. मंडळाने चीनला पर्यावरणाबद्दलही दोषी धरलं, आणि त्यातला एक तपशील वाचून जीव कळवळतो. महाकाय शिंपले मीटरभराहूनही मोठे होतात, त्यांचं कवच हस्तिदंतासारखं कोरता येतं. प्रवाळात रुतलेले हे शिंपले सुटे करण्यासाठी बोट नांगरायची आणि तिचा पंखा फिरवत प्रवाळाचा भुगा करायचा, असं हाइनानचे लोक करत होते आणि सरकारी जहाजं शेजारी उभी होती. शतकानुशतकं वाढलेलं प्रवाळ दुपारभरात संपवायचं, एका कोरीव मूर्तीसाठी.

निकाल अंमलात आला का? नाही. चीनने तो कागदाचा कपटा ठरवला. त्याच सुमाराला फिलिपिन्समध्ये रोद्रिगो दुतेर्ते अध्यक्ष झाले आणि त्यांनी चीनच्या गुंतवणुकीच्या आशेने निकाल कपाटात ठेवला. अमेरिका निकाल पाळा म्हणून चीनला सांगते, पण स्वतः या सागरी कराराची सदस्य नाही. निकाल पाळण्याच्या बाबतीत भारताचं एक उदाहरण मनापासून अभिमान वाटावं असं आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाशी एक वाळूचं बेट वर आलं. आपण त्याला न्यू मूर म्हटलं, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. १९८१ मध्ये भारताने तिथे नौदल पाठवून झेंडा लावला. काही वर्षांनी ते बेटच समुद्रात विरून गेलं, २०१० पर्यंत त्याचा मागमूस उरला नाही. पुढे सागरी सीमेचं प्रकरण लवादाकडे गेलं आणि ७ जुलै २०१४ रोजी वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. तीन चतुर्थांशाच्या आसपास हातचं जाऊनही भारताने निकाल मानला. बंगालच्या उपसागरात त्यामुळे हद्द ठरली, आणि दोन्हीकडच्या मच्छीमारांना निदान रेषा कुठे आहे ते कळलं.

हे किती मोठं आहे, ते जिथे रेषा ठरलेली नाही तिथल्या लोकांना विचारावं. सर क्रीकच्या मुखाशी भारत-पाकिस्तानची सागरी सीमा आजही कागदावर पक्की नाही. पालघर जिल्ह्यातले कित्येक तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. मासळीच्या मागे बोट पलीकडे गेली की पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. हाइनान, मासिनलोक आणि व्हिएतनामच्या लि सोन बेटावरच्या घरांत याहून वेगळं काही घडत नाही. लि सोनचे मच्छीमार पॅरासेलकडे जातात, त्यांच्या बोटी अडवल्या जातात, जाळी काढून घेतली जातात. हाइनानच्या मच्छीमारांकडे कुठल्या वाऱ्यात कोणत्या खडकाकडे कसं जायचं याच्या हाताने लिहिलेल्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बीजिंग त्या मालकीचा पुरावा म्हणून मांडतं. मला त्यात त्या माणसांचं समुद्रज्ञान दिसतं, आणि ते ज्ञान आजच्या कुठल्याही सरकारच्या आधीचं आहे.

२०१६च्या निकालातला सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग याच माणसांबद्दल आहे. स्कारबरोच्या बारा मैलांच्या पाण्यात फिलिपिनी, चिनी आणि इतरही कोळ्यांचा परंपरागत मासेमारीचा हक्क आहे, मग खडक कुणाचाही असो, असं मंडळाने म्हटलं. फिलिपिनी कोळ्यांना अडवून चीनने तो मोडला. हक्क देशाचा नाही, पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाणाऱ्या माणसांचा. फिलिपिन्स उद्या मालक ठरला तरी त्याला हाइनानच्या छोट्या होड्यांना हाकलता येणार नाही. पण आज तिथे काय चाललं आहे? २०२३ मध्ये चीनने खाजणाच्या तोंडाशी तीनशे मीटरची तरंगती दोरी बांधली, फिलिपिन्सच्या पाणबुड्याने ती कापली. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलिपिन्सच्या जहाजाचा पाठलाग करताना चीनची युद्धनौका आणि चीनच्याच तटरक्षक दलाचं जहाज एकमेकांवर आदळलं. पुढच्याच महिन्यात चीनने स्कारबरोला निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर केलं. जिथले शिंपले त्याच्या नजरेसमोर खरवडले गेले, तिथे.

मालकीचा वाद माझ्या हयातीत सुटेल असं वाटत नाही. आग्नेय आशियाई देशांचा संघ आसियान आणि चीन यांनी २००२ मध्ये नॉम पेन्हला आचरणाचं घोषणापत्र केलं, त्यापुढची बंधनकारक आचारसंहिता इतक्या वर्षांत कागदावर उतरलेली नाही. मासेमारीचा प्रश्न मात्र मालकीपासून सोडवून घेता येतो, आणि ही कल्पनेतली गोष्ट नाही. पूर्व चिनी समुद्रातल्या सेनकाकू बेटांवर जपानचा ताबा आहे, चीन आणि तैवान दोघंही ती आपली मानतात. एप्रिल २०१३ मध्ये जपान आणि तैवान यांनी एक मासेमारी करार केला. त्यात बेटांच्या मालकीबद्दल एक अक्षर नाही, बेटांच्या बारा मैलांच्या आतलं पाणीही बाजूला ठेवलं आहे. बाकीच्या ठरलेल्या टापूत दोघांच्या बोटी एकमेकांच्या पहारेकऱ्यांना न भिता जाळी टाकतात, आणि तंटा झाला तर तो मिटवायला संयुक्त समिती बसते. तैवानने दावा सोडलेला नाही, जपानने ताबा सोडलेला नाही. स्कारबरोच्या बाबतीत तर लवादाचा निकाल आधीच पाठीशी आहे. बीजिंग आणि मनिलाने मासिनलोक आणि हाइनानच्या छोट्या होड्यांपुरता असा करार उद्या केला, तर दोघांपैकी कुणालाही एक इंच खडक सोडावा लागणार नाही.